शाळेचें अंतर आणि घराची किंमत

घराची किंमत केवळ विटा, चुना आणि लांकूड यांवरून ठरत नाहीं. पाणी किती दूर, बाजार किती दूर, याचाही हिशेब तींत असतो. ज्या घरांत लहान मूल आहे, त्याच्या लेखीं शाळेचें अंतर हें या हिशेबांतील मोठें कलम होय. वाट लांबली, कीं रिक्षाचें भाडें, आईबापांचा वेळ आणि रहदारीचें भय वाढतें. शाळा जवळ असली म्हणजे हा खर्च वांचतो. आणि जें वांचतें, त्याचा वांटा घरमालक भाड्यांत मागतो, विकणारा किंमतींत.

परंतु चांगल्या वस्तींत घरेंही चांगलीं आणि शाळाही चांगली. मग शाळेचा भाग वेगळा कसा काढावा? सँड्रा ब्लॅक या विदुषीनें १९९९ सालीं बोस्टनच्या उपनगरांत, शाळांच्या हद्दरेषेच्या अलीकडील व पलीकडील घरांची तुलना केली. परीक्षेचे गुण ५ टक्क्यांनीं वरचढ, तेथें घराला सुमारें अडीच टक्के अधिक मोल, असें तिला आढळलें.

कोल्हापुरांत अशी बांधीव हद्द नाहीं. ज्याला शुल्क परवडतें, तो गांवाच्या दुसऱ्या टोकासही मूल धाडतो. मात्र २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बळ व वंचित घटकांना मिळतात, आणि त्यांत एक किलोमीटरच्या आंतील घरांस अग्रक्रम असतो. म्हणजे गरिबाच्या पत्त्यालाच येथें किंमत आली. पण तो पत्ता त्याला परवडला पाहिजे!

ही अडचण करवीर संस्थानानें पूर्वींच ओळखली होती. शाहू महाराजांच्या काळीं १९०१ पासून निघालेल्या वसतिगृहांनीं, शहरांत घर नसलेल्या मुलाला शाळेजवळ आणलें. १९१७ च्या सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणानें शाळा मुलाजवळ नेली. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्या, त्या त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेंत बसविण्यासाठीं. तें बंद करणें म्हणजे दार उघडणेंच होतें.

२०१७ सालीं महाराष्ट्र शासनानें दहांहून कमी पटाच्या सुमारें १,३०० शाळा शेजारच्या शाळांत मिळविण्याचें ठरविलें, तो प्रकार निराळा. अशा वेळीं सरकारी वहींतील बचत पालकांच्या वहींत खर्च होऊन उतरते. ऐपतीचें कुटुंब शाळेच्या मागें जातें. मागें राहिलेल्याच्या घराला गिऱ्हाईक उरत नाहीं, आणि तरुण जोडपीं तिकडे फिरकत नाहींत. म्हणून शाळा मिटवितांना पट मोजावा, तशीच मुलाची वाटही मोजावी.