मेटारायझियम : एक नाव आणि अनेक वंश

गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांना मारणाऱ्या एका हिरव्या बुरशीचे वर्णन एली मेचनिकॉव्ह यांनी १८७९ मध्ये ओडेसा येथे केले. त्या भुंगेऱ्याच्या ‘ॲनिसोप्लिया’ या नावावरून बुरशीला ‘ॲनिसोप्लिई’ ही संज्ञा मिळाली. ‘मेटारायझियम’ हे प्रजातिनाम पुढे जोडले गेले. नाव असे एका यजमान कीटकावरून पडले खरे, परंतु त्यानंतर शतकभर निरनिराळ्या देशांत हिरव्या, लांबट बीजाणूंची कीटकरोगकारक बुरशी आढळली की बहुधा तिला तेच नाव दिले जाई. महाराष्ट्रात उसातील हुमणीच्या बंदोबस्तासाठी शेणखतात मिसळून जमिनीत घातली जाते तीही याच नावाने ओळखली जाते.

या बुरशीचा बीजाणू कीटकाच्या त्वचेवर रुजतो, विकरांच्या व दाबाच्या साह्याने त्वचा भेदतो आणि शरीरात वाढून कीटकास मारतो. ही क्रिया सर्वत्र सारखीच असल्याने कर्ता एकच असावा, असे मानणे स्वाभाविक होते. सूक्ष्मदर्शकाला त्याहून अधिक काही दिसत नव्हते.

या समजाला धक्का दिला तो कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने. तेथील बुरशीचे दोन जननिक गट आढळले. ते यजमान कीटकानुसार पडलेले असतील ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते अधिवासानुसार पडलेले निघाले. अरण्यातील गट ८° सेल्सिअस इतक्या थंडीतही वाढे. शेतजमिनीतील गट ३७° पर्यंतची उष्णता व अतिनील किरणे अधिक सोशी. कीटक मारणे हा या बुरशीच्या जीवनाचा केवळ एक भाग आहे, मातीत तगून राहणे हा दुसरा. आणि निवड बहुधा या दुसऱ्या बाजूने झाली. उन्हात फवारावयाच्या बुरशीच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

बिशॉफ, रेनर व हंबर यांनी २००९ मध्ये अनेक जनुकांच्या तुलनेवरून या एका ‘जाती’च्या समूहात नऊ जाती ओळखल्या. नावांचा गोंधळ मात्र दुहेरी होता. १९७१ मध्ये ऑस्ट्रियात सफरचंदावरील पतंगापासून मिळविलेला एकच वाण ‘एफ ५२’, ‘मेट ५२’, ‘बायपेस्को ५’ व ‘एम्ए ४३’ अशा नावांनी वावरत होता. त्याच्या वेष्टनावर ‘ॲनिसोप्लिई’ असे. नव्या वर्गीकरणात तो ‘ब्रुनियम’ ठरला.

टोळांवरील बुरशीची कथा याहून बोधक आहे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात नायजरमधील एका नाकतोड्यावरून वेगळा केलेला वाण तेलात मिसळून फवारण्यासाठी सिद्ध करण्यात आला. त्याला प्रथम ‘फ्लॅव्होव्हिरिडी’, नंतर ‘ॲनिसोप्लिई’चा उपप्रकार आणि अखेर ‘ॲक्रिडम’ ही स्वतंत्र जाती मानण्यात आले. हा वाण टोळ व नाकतोडे यांपुरताच मर्यादित राहतो. त्याचा निकटचा नातलग ‘रॉबर्टसिआय’ नाना गणांतील कीटकांना ग्रासतो. २०११ मध्ये दोहोंचे जनुकसंच प्रसिद्ध झाले तेव्हा पहिल्यात ९,८४९ व दुसऱ्यात १०,५८२ जनुके मोजली गेली. गमतीची गोष्ट अशी की, त्या लेखातही दुसऱ्याचे नाव ‘ॲनिसोप्लिई’ असेच छापले होते.

इतर कीटकांना अपाय होईल काय, हा प्रश्न त्यामुळे जातीच्या नावावरून सुटत नाही. तो प्रत्येक वाणापुरता विचारावा लागतो. जुन्या प्रयोगांतील ‘ॲनिसोप्लिई’ची फलिते आज वापरावयाची तर मूळ वाण संग्रहात जिवंत असला पाहिजे. तो नसेल, तर ती फलिते नेमक्या कोणत्या बुरशीची होती, हे सांगता येत नाही.