उडी शेवटच्या दोन पावलांत असते

चाकणहून पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमधून उतरलेली पोरं भोसरी-मोशीच्या मैदानांवर व्हॉलीबॉलचं नेट बांधतात. प्रत्येकाला स्मॅश मारायचा असतो, आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच पक्कं बसलेलं असतं: लांबून जोरात धावत आलं की उडी उंच जाते.

तसं होत नाही. धावेचा वेग पुढे नेतो. तो वर वळवायला ब्रेक लागतो. उजव्या हाताने मारणाऱ्याची पावलं उजवं, डावं, उजवं, डावं. सुरुवात नेटपासून ३ मीटरच्या रेषेच्या जरा मागून, तेवढी जागा पुरते. पहिली दोन सावकाश, चेंडूचा अंदाज घेत. तिसरं सगळ्यांत लांब: आधी टाच टेकते, हात पूर्ण मागे. चौथं लगेच पुढे पडतं, पंजा किंचित आत वळवून. इथे ब्रेक लागला नाही, तर खेळाडू चेंडूच्या खाली तरी जातो नाहीतर नेटमध्ये तरी शिरतो. डावखुऱ्याची पावलं याच्या उलट. त्यालाही सगळ्यांसारखंच शिकवणं हा आपल्याकडे सर्रास होणारा अन्याय आहे.

‘चेंडू मारता मारता पावलं आपोआप बसतात’ हेही खोटं. चेंडू दिसला की नजर वर जाते आणि पाय जुन्या सवयीने पडतात. म्हणून मी शेवटची दोन पावलं आधी शिकवतो. मुरमावर फक्कीने दोन ठसे आखायचे, चेंडू नाही. मग त्यांच्या मागे दुसरं पाऊल जोडायचं, मग पहिलं. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं: टक्... टक्... टकटक. जमीनही सांगते. टाचेचा खड्डा खोल असेल तर ब्रेक लागला. लांब ओरखडा असेल तर घसरला.

उंच लिफ्टवर चेंडू, तो उचलून देणाऱ्या लिफ्टरच्या हातातून सुटायच्या आधीच पळणं ही दुसरी घाई. मधल्या स्मॅशरचा झटपट चेंडू वेगळा. तिथे आधीच निघावं लागतं.

आणि ‘उंच पोरगाच स्मॅशर’? पुरुषांचं नेट २.४३ मीटर, महिलांचं २.२४. उंचीचा फायदा आहेच, पण उशिरा पडलेलं पाऊल तो खाऊन टाकतं.

कंपनीत दिवसभर लाइनवर उभं राहिल्याने पाय तयार होत नाहीत, थकतात. सेफ्टी शूजमध्ये तर उडी मारूच नका. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरा. रोज एकाच पायावर उतरलात तर सगळा भार त्याच गुडघ्यावर येतो.

प्रशिक्षकांना एक विनंती: उद्याच्या सरावात पहिली वीस मिनिटं चेंडू पिशवीतच राहू द्या.