गुडघा दगा देतो तेव्हा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड हे नगद नारायण महाराजांचे स्थान धाकटी पंढरी म्हणून ओळखले जाते, आणि ज्यांना आषाढीस पंढरपूर गाठणे साधत नाही असे असंख्य भाविक त्या दिवशी गडावर दर्शनाला येतात. ज्यांचे अर्धे आयुष्य उसाच्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढण्या-उतरण्यात गेले, असे स्त्री-पुरुष त्यांत पुष्कळ असतात. त्यांच्यापैकी एखाद्याचा पाय, कसलाही मार लागलेला नसता, उतारावर एकाएकी गुडघ्यात मोडतो, तेव्हा भोवतीची माणसे कोणी वाताचे, कोणी वयाचे, तर कोणी अशक्तपणाचे निदान करून मोकळी होतात. या घाईच्या निदानाने दुहेरी नुकसान होते : खऱ्या कारणाचा शोध थांबतो, आणि ते सापडेपर्यंत पडण्यापासून जपण्याची जी तजवीज आजच करता आली असती, तीही राहून जाते. म्हणून प्रचलित समजुतींची वस्तुस्थितीशी रुजवात घालणे अगत्याचे आहे.

गैरसमज : गुडघा दगा देतो, त्याअर्थी दोष गुडघ्यातच आहे.

वस्तुस्थिती : चालताना गुडघा मोडू न देण्याचे मुख्य काम मांडीच्या पुढल्या बाजूचा मोठा स्नायू करतो, आणि त्याला आज्ञा पोहोचवणाऱ्या नसा कमरेच्या मणक्यांमधून निघतात. त्यामुळे आतील स्नायुबंध तुटणे किंवा कूर्चेची गादी फाटणे हे सांध्याचे दोष जसे कारणीभूत असतात, तशीच कमरेत दबलेली नस, थायरॉइडचा विकार, रक्तातील पोटॅशियमची घट किंवा एखादे चालू औषधही कारण असू शकते. मधुमेहाच्या एका प्रकारात प्रथम एका मांडीत असह्य कळा येतात, पुढे काही आठवड्यांत ती मांडी डोळ्यांदेखत बारीक होते, आणि मग जिना उतरताना पाय मोडू लागतो. अशा रुग्णाच्या गुडघ्यावर लेप लावण्यात जो काळ जातो, तो सर्वस्वी वाया जातो. उलटपक्षी, सांध्यात २० ते ३० मिलिलिटर इतके थोडे पाणी साचले तरी त्या स्नायूची हालचाल आपोआप मंदावते, आणि धडधाकट मांडीसुद्धा दुबळी भासते.

गैरसमज : एक्स-रे स्वच्छ आला, तेव्हा हा सारा मनाचा खेळ आहे.

वस्तुस्थिती : एक्स-रेत हाडे दिसतात, स्नायुबंध, गादी, नसा आणि स्नायू यांची हकीकत त्यावरून कळत नाही. त्यासाठी हाताने केलेली बारकाईची तपासणी, रक्तातील साखर, बी-१२ व थायरॉइडच्या चाचण्या, आणि गरजेनुसार नसांची विद्युत्-तपासणी किंवा एमआरआय लागतो. काही रुग्णांत नसा व स्नायू शाबूत असूनही मेंदूची आज्ञा पायापर्यंत नीट पोहोचत नाही. हा विकारसुद्धा खरा आहे, तपासणीत त्याची स्वतःची लक्षणे आढळतात, आणि योग्य फिजिओथेरपीने तो सुधारू शकतो. अशा माणसाला ढोंगी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

गैरसमज : सलाइन लावली की पायांत ताकद येते.

वस्तुस्थिती : साध्या सलाइनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असता सलाइन प्राण वाचवते. परंतु दुबळ्या स्नायूला ती बळ देत नाही. माळकरी, शाकाहारी घरांत एक निराळी बाब ध्यानात घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्व प्राणिज आहारातूनच मिळते, आणि दूध-दही बेताचे असेल तर त्याची उणीव पडू शकते. मग पाय कोठे टेकला याची जाणीवच क्षीण होते; उजेडात बरा चालणारा माणूस अंधारात भेलकांडतो, तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. ही उणीव वेळीच भरून काढली तर सुधारणा होते, दीर्घकाळ दुर्लक्षिली तर हानी कायमची राहू शकते.

गैरसमज : काठी धरली की पाय कायमचा पंगू होतो.

वस्तुस्थिती : पाय पंगू होण्याचे भय काठीपेक्षा पडण्यात अधिक आहे, पडून खुब्याचे हाड मोडले तर उरलेले चालणेही जाते. काठी दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हात सैल सोडला असता मनगटाच्या घडीपाशी तिची मूठ यावी, आणि तळाला रबरी टोपण असावे. पायऱ्या चढताना बळकट पाय आधी टाकावा, उतरताना दुबळा. बाजारातील लवचिक नी-कॅप उबेला व धीराला ठीक; मोडणारा गुडघा सावरण्याइतकी शक्ती तिच्यात नसते. त्यासाठी बिजागरीचा पट्टा किंवा कॅलिपर तज्ज्ञाकडून मापाने करून घ्यावा. न्हाणीघरात धरायला दांडी, शौचाला कमोडची खुर्ची आणि रात्री वाटेवर दिवा, एवढ्या सोयींनीही पुष्कळ अपघात टळतात.

गैरसमज : जितका व्यायाम अधिक, तितके बळ अधिक.

वस्तुस्थिती : बहुतेकांना मांडीचा व्यायाम हितकारकच असतो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच सेकंद थांबून सैल सोडावे, आणि हे दहा वेळा करावे. परंतु बालपणी पोलिओ झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त प्रदेशात गणला गेला, तरी जुने रुग्ण आपल्यात आहेत, आणि मूळ आजारानंतर पंधरा किंवा त्याहून अधिक वर्षांनी त्यांच्या पायांत नवा दुबळेपणा येऊ शकतो. मांडीवर हात रेटून चालणाऱ्या अशा माणसाने थकवा येईपर्यंत व्यायाम केला तर अपायच होतो; त्याने थोडा, विश्रांती घेत घेत आणि सल्ल्यानेच करावा.

गैरसमज : दुबळेपणा आहे, दुखत नाही, सवडीने पाहू.

वस्तुस्थिती : जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा पायांतून वर चढणारा दुबळेपणा थोड्याच दिवसांत श्वासाच्या स्नायूंपर्यंत जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले. दोन्ही पाय तास-दिवसांत दुबळे होत जाणे, गिळण्यास वा श्वासास त्रास, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बैठकीचा भाग बधिर होणे, एकाएकी एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, किंवा तापासह गुडघा लाल व गरम होणे, यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकाला फोन करून तत्काळ रुग्णालय गाठावे.

एरवी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय येथे दाखवताना पाय केव्हा मोडतो, चढताना की उतरताना, किती वेळा पडणे झाले आणि कोणती औषधे चालू आहेत, याची लेखी टिपणे बरोबर न्यावीत. निदानाचे निम्मे काम त्यांतून होते. दुबळेपणा टिकूनच राहिला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली तपासणी करून दाखला मागणे हा नागरिकाचा अधिकार आहे, त्यात याचना नाही. कारणाला नाव मिळण्यास कित्येकदा महिने लागतात. परंतु आधार, व्यायाम आणि घरच्यांचा विश्वास यांना त्या नावाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही. शोध व सांभाळ ही दोन्ही कामे पहिल्याच दिवसापासून बरोबरीने चालली पाहिजेत.