घशातून हृदयाकडे

दिवाळीच्या आसपास बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या परिसरात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात, कोप्या उभ्या राहतात. एकेका कोपीत सगळं घर दाटीवाटीनं झोपतं. अशा दाटीत स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूचं फावतं. खोकल्या-शिंकेतून तो एका पोराच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जातो. घसा दुखतो, ताप येतो आणि चार-पाच दिवसांत पोर पुन्हा हुंदडायला लागतं.

बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच संपते. फार थोड्या मुलांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी काही विलक्षण घडतं. आज गुडघा सुजतो; दोन दिवसांनी तो उतरतो आणि घोटा सुजतो, मग कोपर. हा संधिवाताचा ताप. या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनाशी रचनेनं मिळतंजुळतं असतं. त्यामुळे जिवाणूशी लढायला शरीरानं उभी केलेली फौज स्वतःच्याच हृदयावर चालून जाते. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपांवर मात्र व्रण राहू शकतात.

झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडते आणि मिटते. मिट्रल नावाच्या झडपेची वाट निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. व्रणांमुळे ती वर्षानुवर्षं आक्रसत दीड चौरस सेंटिमीटरवर आली, तरी बाहेरून काही दिसत नाही. पुढे अशी झडप असलेली मुलगी गरोदर राहते, शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं आणि तिला धाप लागते. लहानपणीची घसादुखी तोवर कोणाच्या लक्षातही नसते.

आणि हे टळू शकतं! घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलीन दिलं तरी हा ताप रोखता येतो, हे 1950च्या सुमारास अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासातून दिसलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, 1954 साली, आपल्याच जिल्ह्यात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलीन इथेच बनू लागलं. ज्याला हा ताप एकदा येऊन गेला, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचं इंजेक्शन देतात. तेही बरीच वर्षं. गाव सोडून फडावर आलेल्या मुलाचं हेच इंजेक्शन चुकतं, आणि ताप उलटला की झडप आणखी बिघडते.

प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक लागत नाही. बहुतेक वेळा कारण विषाणूच असतो. ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा तापासह दुखत असेल किंवा सांधे एकामागून एक सुजत असतील, तर त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. इंजेक्शन चालू असेल, तर त्याचा कागद मुलासोबत फडावरही असू द्या.