म्हातारपणी राहायचं कुठं?



हरसूल भागात भात-नागली निघाली की तरणी माणसं द्राक्षबागांकडे कामाला उतरतात. म्हातारी घर राखतात. आपल्या ऊसपट्ट्यातही मुलं शहरात अन् आई-बाप मळ्यात, अशी गत आहे. मग वृद्धाश्रम हाच उपाय का? आम्हांस तसे वाटत नाही.

पहिली सोय घरालगतच्या खोलीची. चूल वेगळी, दार वेगळं, पण लेक-सून हाकेच्या अंतरावर. उंबरा ठेंगणा असावा, संडास जवळ असावा. दुसरी सोय मळा सोडून गावठाणात राहण्याची. शेजार आणि दवाखाना जवळ पडतो. पक्कं घर नसलेल्यांनी ग्रामपंचायतीत घरकुलाची चौकशी करावी.

मात्र जमीन मुलांच्या नावे करताना जपावे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मागता येते. म्हणून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. तक्रार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करावी. निर्वाहासाठी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो.

खोडवा चांगला यायचा तर बुडखा जपावा लागतो, हे आपणांस सांगायला नकोच.