शस्त्र आणि परवाना : लेखांक ४ – अंगावर बाळगायचं शस्त्र निवडताना

परवाना हातात पडला की माणूस बंदुकीच्या दुकानात जातो आणि बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतो, ‘सगळ्यात जोरदार कोणतं?’ आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलेलं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम बोअरनुसार, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासानुसार, शस्त्रांचे दोन गट पाडतात : निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर. लष्कर आणि पोलीस जे बोअर वापरतात ते निषिद्ध. ९ मिमी आणि .३८ त्यातच येतात. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं हे धोरण आहे. सरकारी कोठारातली काडतुसं खासगी हातात गेली तरी तिथे निरुपयोगी ठरावीत, हा त्यामागचा विचार. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मग मुख्यतः .३२ येतं, किंवा त्याहून लहान .२२.

दुसरी मर्यादा आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी शस्त्र आणणं जवळजवळ बंद झालं, नामवंत नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडून. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्वरं आजही हातोहात विकली जातात, आणि जुनेपणामुळे किंमत उतरण्याऐवजी चढत राहते. पाच-सहा दशकं जुन्या यंत्राला आजच्या नव्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. संग्रहासाठी घेत असाल तर हरकत नाही. रोज कमरेला लावायला घेत असाल, तर नावाला भुलू नका. स्प्रिंग थकते, घोड्याचे खाचे झिजतात, सुटे भाग मिळत नाहीत.

राहिलं देशी शस्त्र. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्वर देशभर सगळ्यात जास्त दिसतं. त्याची रचना वेब्लीच्या जुन्या नमुन्यावर बेतलेली. वरची कडी दाबली की नळी खाली झुकते, मागचा भाग उघडतो आणि सहाही रिकामी काडतुसं एकदम वर उचलली जातात. २०१४ मध्ये कानपूरमधूनच ‘निर्भीक’ आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या ‘निर्भया’ची आठवण त्या नावात होती आणि स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. सव्वा लाख रुपये आणि परवाना या दोन्ही गोष्टी ज्या स्त्रीच्या आवाक्यात आहेत, तिला रात्रीच्या बसमध्ये चढावं लागत नाही. जिला लागतं तिच्यापर्यंत हे शस्त्र पोचणारच नव्हतं. हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो मला आजही पटतो. यंत्र म्हणून मात्र त्याचं वजन हा खरा गुण आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूरचा कारखाना ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट या कंपनीकडे गेला, आणि तिने २०२३ मध्ये ‘प्रबल’ आणलं. यात सिलिंडर बाजूला उघडतो. पिस्तूल हवं असेल तर ‘अशनी’ हे देशी .३२ पिस्तूल आहे. थोडक्यात, दुकानातली यादी एका पानात मावते.

ही यादी एवढी आखूड असताना निवडायचं काय? माझ्या मते तीनच गोष्टी : रिव्हॉल्वर की पिस्तूल, ते हातात कसं बसतं, आणि अंगावर कसं राहतं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

आधी काडतुसांबद्दल, कारण इथे नवखा हमखास फसतो. रिव्हॉल्वरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ एक नाही. टेबलावर दोन्ही शेजारी उभी करा. रिव्हॉल्वरचं, म्हणजे .३२ लाँग, उंच दिसतं. त्याचं पितळी नळकांडं २३ मिमीच्या वर, आणि बुडाला बाहेर आलेली ठळक कड. ही कड सिलिंडरच्या तोंडाला अडकते म्हणून काडतूस आत घसरत नाही. पिस्तुलाचं, म्हणजे .३२ एसीपी, बुटकं. नळकांडं १७ मिमीच्या आसपास, आणि कड इतकी बारीक की नखानेच कळावी. पण त्या बारीक कडेनेही घोळ होतो. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली तर ते पुढे सरकत नाही आणि पिस्तूल ऐन वेळी बंद पडतं. म्हणून प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्या कडेच्या पुढे आहे ना, हे पाहायची सवय लावावी लागते. गोळीची जाडी दोन्हीकडे जवळपास सारखी आहे, म्हणून एकाचं काडतूस दुसऱ्यात चालवून बघायचा मोह होतो. तो टाळा.

ताकदीच्या बाबतीत दोन्ही .३२ माफक आहेत. ९ मिमीच्या ऊर्जेच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी. काही जण त्यामुळे खट्टू होतात. पण .३२ लाँगचा एक गुण त्यांना ठाऊक नसतो : ते अतिशय अचूक काडतूस आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजीत २५ मीटर सेंटर फायर पिस्तुलाच्या स्पर्धेत हेच सर्रास वापरलं जातं. २००६ च्या दोहा आशियाई खेळांत जसपाल राणा यांनी ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी केली, ती याच प्रकारात. हाताला धक्का कमी बसतो, दुसरी गोळी पहिल्याच्या जवळ लावता येते. संकटाच्या वेळी हात थरथरत असताना हे फार मोलाचं आहे.

आता रिव्हॉल्वर की पिस्तूल. पहिल्यांदाच शस्त्र घेणाऱ्याला मी बहुतेक वेळा रिव्हॉल्वर सुचवतो. ते भरलेलं आहे की रिकामं हे उघडताच दिसतं. एखादं काडतूस फुटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, सिलिंडर फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात अशा वेळी स्लाइड मागे ओढून ते काडतूस बाहेर काढावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं हेच जमत नाही. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज तर जीवघेणा आहे. चेंबरमध्ये एक काडतूस राहिलेलं असू शकतं. रिव्हॉल्वरची दुसरी बाजूही सांगायला हवी. घोडा न ताणता नुसता चाप ओढायचा तर साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. हा जोर अपघात टाळतो, पण नेमही हलवतो. संधिवात असलेल्या किंवा बोटांत ताकद कमी असलेल्या माणसाला तो झेपतोच असं नाही. सिलिंडरच्या फुगवट्यामुळे सदऱ्याखाली उंचवटा दिसतो तो वेगळाच. पिस्तूल चपटं असतं, अंगाला लागून राहतं. ज्याला नियमित सराव करायचा आहे, त्याने पिस्तूल घेण्यात काही वावगं नाही.

हाताला बसतं की नाही हे दुकानातच पाहा. आधी ते रिकामं आहे याची स्वतः खात्री करा. दुकानदाराने केलेली खात्री पुरत नाही. मग मूठ घट्ट धरा. मनगट न वळवता तर्जनीचं पहिलं पेर चापावर आलं पाहिजे. बोट ताणावं लागत असेल तर ते शस्त्र तुमच्या हाताला मोठं आहे. सुरक्षित दिशेला नेम धरून, दुकानदाराला विचारून, चाप काही वेळा ओढून बघा. घोडा पडताना पुढचं टोक किती हलतं ते पाहा. पिस्तूल असेल तर घामेजल्या हाताने स्लाइड पूर्ण मागे ओढता येते का बघा. लहान पिस्तुलांची स्प्रिंग पुष्कळदा कडक असते.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाने न विसरता विचारावा : हे खाली पडलं तर सुटेल का? घोडा पाडलेला असताना त्यावर धक्का बसला तर त्याला काडतुसापर्यंत पोचू न देणारी सोय आत आहे का? २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून सुटलेली गोळी लागली. ते कपाटात ठेवताना हातातून पडल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. जुन्या शस्त्रात अशी सोय नसेल, किंवा असून झिजलेली असेल, तर घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवूनच ते बाळगावं. सहाच्या जागी पाच गोळ्या राहतील. तेवढ्या पुरेशा आहेत.

अमेरिकेत झाकून बाळगावं की उघड, यावर राज्याराज्यांत वाद चालतात. आपल्याकडे नियम एकच आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतला बत्तिसावा नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावं, पूर्ण झाकलेलं असावं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. ते परजून दाखवायला मनाई आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कमरेचं रिव्हॉल्वर दिसेल असा शर्ट वर करून मिरवणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. त्यांच्यामुळे खऱ्या धोक्यात जगणाऱ्या परवानाधारकाकडेही लोक संशयाने बघतात.

होल्स्टरकडे वळू. शस्त्रावर लाख रुपये घालणारा माणूस होल्स्टरसाठी दुकानातली सगळ्यात स्वस्त कापडी पिशवी उचलतो. त्या पिशवीत शस्त्र फिरतं, आणि बाहेर काढल्यावर तिचं तोंड मिटतं. चांगल्या होल्स्टरची परीक्षा साधी आहे. चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, इतका की बाहेरून बोट जाऊ नये. शस्त्र आत घट्ट बसलं पाहिजे. रिकामा असताना त्याचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे, म्हणजे शस्त्र परत ठेवताना दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. आणि त्यासोबत जाड, न वाकणारा पट्टा. खिशात किल्ल्यांबरोबर किंवा पर्समध्ये मोबाइलशेजारी सुटं शस्त्र कधीही ठेवू नये. चापात काहीतरी अडकतं आणि अनर्थ होतो. पर्सच वापरायची असेल तर शस्त्रासाठी वेगळा, ताठ कप्पा असलेली घ्या, आणि ती खुर्चीला अडकवून उठू नका. ती पर्स दुसऱ्याच्या हातात गेली की ताबा तुमचा राहिला नाही, आणि नियमही मोडला.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत आणखी एक काळजी. घामात मीठ असतं. अंगाला लागणाऱ्या बाजूला आठवड्याभरातही गंज धरू शकतो. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा. रात्री शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं.

घरात ते कुलपात राहिलं पाहिजे, काडतुसं वेगळ्या कुलपात. सुरक्षित साठवण ही परवान्याची अटच आहे. घरात लहान मुलं असतील, कुणाला दारूचं व्यसन असेल, कुणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर मी स्पष्ट सांगेन : परवाना मिळाला तरी सध्या शस्त्र घरात आणू नका. हाताशी शस्त्र असलं की आत्महत्येचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बाहेरच्या ज्या धोक्यासाठी परवाना घेतला, त्यापेक्षा घरातला धोका मोठा ठरू शकतो.

सरावाचा प्रश्न आपल्याकडे खरोखर अवघड आहे. काडतुसांची खरेदी परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच होते आणि प्रत्येक खरेदीची नोंद राहते. रेंज मोजक्या आहेत, आणि तिथे स्वतःचं शस्त्र चालवू देतात का हे आधी विचारून घ्यावं लागतं. म्हणून बराचसा सराव रिकाम्या शस्त्रावर करावा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत, आणि नुसता चाप ओढण्याचा अभ्यास. .२२ च्या रिमफायर शस्त्रावर मात्र हे करू नये, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते. वर्षातून एकदा तरी खरी काडतुसं झाडावीत, आणि ती नेहमी बाळगता तीच असावीत. वर्षभर घामात राहिलेली काडतुसं सरावात संपवा आणि नवी भरा.

शस्त्र घेतल्यावर लगेच भरून बाहेर पडू नका. पहिले काही आठवडे ते रिकामं, होल्स्टरसह, घरातच कमरेला लावून वावरा. जेवायला बसा, गाडीत बसून पट्टा लावा, बुटाची नाडी बांधायला वाका, जिना चढा. कुठे टोचतं, कुठे सदरा वर सरकतो, बसल्यावर हात तिथपर्यंत पोचतो की नाही, हे त्या दिवसांत कळतं. होल्स्टर बदलायचा असेल तर तेव्हाच बदला. आणि एवढं करूनही ते दोन तासांत काढून ठेवावंसं वाटत असेल, तर दुकानदाराशी बोलून हलकं शस्त्र बघा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये टाकून ठेवलेलं रिव्हॉल्वर चोरासाठीच ठेवलेलं असतं.

पुढील लेखांक : भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क आणि त्याची मर्यादा.