कायदा पायडल मोजतो

सायकल नेमकी कुठे संपते आणि मोटारगाडी कुठे सुरू होते? आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ही रेघ चक्क भौतिकशास्त्राच्या मापांनी आखलेली आहे. पायडलला साथ देणाऱ्या मोटारीची ‘तीस मिनिटांची शक्ती’ २५० वॅटपेक्षा कमी हवी. वेग वाढेल तशी तिची साथ कमी होत ताशी २५ किलोमीटरला पूर्ण थांबायला हवी. पाय थांबले, तर त्याआधीच. चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, बॅटरी सोडून वजन ६० किलोंच्या आत. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने हे सगळं तपासून मान्य केलं, की ती सायकल मोटार वाहन ठरतच नाही. मग लायसन्स नको, नंबर प्लेट नको, वाहनविमा नको. वेगाचा लगाम काढून टाकला, तर मात्र ही सूट गेली.

यातली तीस मिनिटं मला फार आवडतात. विजेची मोटार काही क्षण स्वतःच्या ऐपतीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावते, आणि तापते. म्हणून नियम तिचा क्षणाचा जोर धरत नाही. अर्धा तास ती किती नेटाने चालेल, ते विचारतो. माणसाची ऐपत किती? धडधाकट माणूस रमतगमत पायडल मारताना शंभरेक वॅट देतो. वेगाला लगाम घालण्यामागेही हिशोब दिसतो: वेग दुप्पट झाला, की हवा कापायला आठपट शक्ती लागते!

जपानचा नियम तर थक्क करतो. यामाहाने १९९३ मध्ये पायडलला साथ देणारी ‘पास’ सायकल तिथे बाजारात आणली. पायाचा जोर सेन्सर मोजतो आणि मोटार त्या प्रमाणात हातभार लावते. ते प्रमाण कायद्याने ठरवलंय. ताशी १० किलोमीटरपर्यंत तुमच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट. पुढे ते उतरत जातं. १७ ला बरोबरीत, २४ ला शून्य. कायद्याच्या पुस्तकात एक उतरती रेषा, आणि ती रस्त्यावर प्रत्येक पायडलमागे पाळली जाते! २००८ पर्यंत ही साथ फार तर एकास एक होती. ती दुप्पट झाली, आणि मुलांना पुढेमागे बसवून चढ चढणाऱ्या आयांना मोटारीचा दुसरा हात मिळाला.